आळशी कोणाला म्हणावे?

'आळशी' हा शब्द आपल्या घराघरांतून दिवसभरात किती वेळा उच्चारला जातो याची गणती नाही. सकाळी उशिरा उठणारा मुलगा आळशी, हातातले काम अर्धवट टाकणारा नवरा आळशी, घर पसरलेले ठेवणारी सून आळशी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात प्रमुख पापांची यादी पाठ केली. तिच्यात आळसही आहे. म्हणून एखाद्याला आळशी म्हणताना आपण केवळ त्याच्या स्वभावाचे वर्णन करत नसतो, त्याच्यावर आरोप ठेवत असतो. आरोप असा की, 'तुला जमत होते, पण तू केले नाहीस.'

पण 'तुला जमत होते' हे आपल्याला कसे कळले? आपण त्याचे हातपाय पाहिले. ते धडधाकट दिसले. बाकीचे आपण गृहीत धरले. काम करण्यासाठी हातपाय लागतात, तसेच ते काम सुरू करण्याची आतली उभारीही लागते. ती उभारी कुठून येते? ती प्रत्येकाच्या मुठीत सारखीच असते का? आणि ती एखाद्यात नसेल तर तो त्याचा दोष की त्याचे दुखणे? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी शेकडो वर्षे चर्चिला आहे. आज एका आनुवंशिक आजाराच्या निमित्ताने आपण त्याचा विचार करू या.

हात सोडवेना

या आजाराचे नाव मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. १९०९ साली जर्मनीतील डॉक्टर हान्स स्टायनर्ट यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याच वर्षी इंग्लंडमधील बॅटन आणि गिब या डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे तेच केले. याचे वैशिष्ट्य असे की, स्नायू आवळले की लवकर सैल होत नाहीत. रुग्ण हस्तांदोलन करतो आणि त्याला हात सोडवता येत नाही. बरणीचे झाकण फिरवतो आणि बोटे झाकणालाच धरून राहतात. हळूहळू हातांच्या पंजात, घोट्यात, मानेत आणि चेहऱ्यात अशक्तपणा येतो.

पण हा आजार फक्त स्नायूंचा नाही. कमी वयात मोतीबिंदू होतो. हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारी यंत्रणा बिघडते आणि हा धोका जिवावर बेतू शकतो. पापण्या खाली येतात, चेहऱ्याचे स्नायू बारीक होतात, त्यामुळे चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. आपण त्याला आनंदाची बातमी सांगतो आणि त्याचा चेहरा जसाच्या तसा! आपल्याला वाटते, याला आपल्याबद्दल काहीच वाटत नाही. दिवसा अनावर झोप येते. जेवता जेवता, प्रार्थना चालू असताना, पाहुणे समोर बसलेले असताना डोळे मिटतात. आणि या सर्वांहून घरच्यांना जास्त छळणारी गोष्ट म्हणजे निरुत्साह. फोन करायचा राहून जातो, अर्ज भरायचा राहून जातो, गळणारा नळ महिनोन् महिने गळत राहतो. जुन्या वैद्यकीय लिखाणातही या रुग्णांना पुढाकार नाही, घरादाराकडे लक्ष नाही, असे शेरे आढळतात. म्हणजे 'आळशी' हा शिक्का शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच मारला असे नाही, तर कधी कधी डॉक्टरांनीही मारला.

हा आजार फार दुर्मीळही नाही. साधारण ८००० माणसांमागे एक असे त्याचे प्रमाण बरीच वर्षे सांगितले जात असे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातील नवजात बालकांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा सुमारे २१०० बालकांमागे एकात या आजाराचा जनुकीय बदल आढळला. याचा अर्थ, पुष्कळ माणसे हा बदल घेऊन वावरत असतात आणि त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. भारतातही हा आजार आढळतो.

तीन पिढ्यांची गोष्ट

आजोबांना पन्नाशीत मोतीबिंदू झाला, बाकी ते ठणठणीत. वडिलांचे हात तिशीत अशक्त झाले. नातू जन्मतःच लुळा, श्वास घ्यायला धडपडणारा. अशी घराणी डॉक्टरांनी फार पूर्वी पाहिली होती. १९१८ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ ब्रुनो फ्लायशर यांनी मोतीबिंदू असलेल्या मागच्या पिढ्या आणि आजारी असलेल्या पुढच्या पिढ्या यांचा संबंध दाखवून दिला होता. मात्र पिढीगणिक आजार लवकर येतो आणि वाढत जातो, यावर अनेक शास्त्रज्ञांचा विश्वास बसत नव्हता. १९४८ साली लायनेल पेनरोज या नामवंत आनुवंशशास्त्रज्ञांनी हा केवळ रुग्ण निवडण्याच्या पद्धतीतून निर्माण होणारा भास आहे, असे प्रतिपादन केले.

१९९२ साली जनुक सापडले आणि घराण्यांनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते खरे ठरले. १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो साधारण ५ ते ३५ वेळा येतो. ५० च्या वर गेला की आजार संभवतो, आणि जन्मजात तीव्र आजारात ही संख्या बहुधा हजाराच्या वर जाते. आईवडिलांकडून मुलाकडे जाताना ही संख्या वाढू शकते. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही.

जन्मजात तीव्र प्रकार मात्र बहुतेक वेळा आईकडून येतो. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी क्षणभर थबकते, कारण आपल्या समाजात असे वाक्य कोणाच्या तोंडी कसे वापरले जाईल हे आपण सारे जाणतो. 'तिच्याच माहेरचे आहे हे.' 'पोरीला आणताना घराणे बघायला हवे होते.' जी आई आपल्या बाळाच्या श्वासाकडे रात्रभर डोळे लावून बसली आहे, तिला हे ऐकवायचे! जनुकातली अक्षरे कोणी स्वतः लिहीत नाही. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभू येशूला, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारल्याचा प्रसंग आपण जाणतो. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. 'करावे तसे भरावे' ही म्हण कर्माला लागू पडत असेल, जनुकाला नाही.

धर्मग्रामाच्या वह्या

या आजाराच्या इतिहासात एक पान आपल्याला विशेष जवळचे वाटेल. कॅनडातील क्वेबेक प्रांतात सॅग्ने–लाक-सॅं-झां नावाचा फ्रेंच भाषिक प्रदेश आहे. १८३८ पासून तेथे वस्ती झाली. थोडीच कुटुंबे आली आणि त्यांचाच विस्तार झाला. १९८० च्या दशकात तेथे साधारण ५०० माणसांमागे एकाला हा आजार असल्याचे आढळले. एवढे मोठे प्रमाण जगात क्वचितच सापडेल.

तेथील लोक परंपरेने कॅथोलिक. १७ व्या शतकापासून त्या प्रांतातील धर्मगुरूंनी प्रत्येक बाप्तिस्मा, प्रत्येक विवाह आणि प्रत्येक दफन वहीत नोंदवून ठेवले होते. १९७० च्या दशकात इतिहासकार जेरार बुशार यांच्या प्रकल्पात या नोंदी संगणकावर एकमेकींना जोडण्याचे काम सुरू झाले. त्यांच्या आधारे संशोधक रुग्णांच्या वंशावळी मागे मागे नेत गेले, आणि १७ व्या शतकात फ्रान्सहून येऊन स्थायिक झालेल्या एका जोडप्यापर्यंत हा धागा पोहोचला. बाळाचे नाव, आईबापांची नावे, तारीख, एवढेच लिहिणाऱ्या त्या धर्मगुरूंना आपली वही कधी काळी रोगाच्या शोधाला उपयोगी पडेल याची कल्पना कशी असणार?

या वह्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांना गावाने सुस्त म्हटले, ज्यांचे घर पसरलेले म्हणून नावे ठेवली, अशी माणसे पिढ्यान् पिढ्या त्या बाकांवर बसून गेली असतील. त्यांचा जन्म नोंदला गेला, मृत्यू नोंदला गेला. पण मधल्या आयुष्यात त्यांनी किती बोल ऐकले, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

मेंदूतली साखर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या माणसाचा निरुत्साह हा स्वभाव की आजार? यावर मेंदूच्या चित्रांनी काही प्रकाश टाकला आहे.

पेट स्कॅन हे नाव आपल्यापैकी अनेकांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या संदर्भात ऐकले असेल. त्याचे तत्त्व सोपे आहे. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराच्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा खातो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे साखर, ग्लुकोज. ग्लुकोजसारखाच एक पदार्थ तयार करून त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडतात आणि शिरेतून देतात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. तो तिथेच अडकून राहतो. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिथे तो जास्त साठतो आणि बाहेरचे यंत्र त्यातून निघणारे किरण टिपते. हे फ्लोरिन साधारण ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून सारे काम घाईने उरकावे लागते. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे हा पदार्थ पहिल्यांदा माणसाला देण्यात आला. तो न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनवून विमानाने तेथे नेला होता.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णांवर हा प्रयोग झाला तेव्हा काय दिसले? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रुग्णांच्या मेंदूच्या बाह्य थरात साखरेचा वापर निरोगी माणसांपेक्षा कमी आढळला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत ही घट विशेषतः मेंदूच्या पुढच्या, म्हणजे कपाळामागच्या भागात दिसून आली. हा भाग बेत आखतो, काम सुरू करतो, एक काम संपले की दुसऱ्याकडे वळवतो. 'आता उठतो आणि तो नळ दुरुस्त करतो' हा विचार कृतीत आणण्याचे काम बरेचसे या भागाचे. तिथेच साखर कमी खर्च होत असेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोणी म्हणेल, स्नायू दुबळे झाल्यावर माणूस खचणारच, त्यात मेंदूचा काय संबंध? हा आक्षेप योग्य आहे. १९९८ साली इंग्लंडमध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या ३६ प्रौढ रुग्णांची तुलना अशा माणसांशी केली, ज्यांना मज्जातंतूंचा दुसरा आनुवंशिक आजार होता आणि ज्यांचे हातपाय तितकेच अशक्त झाले होते. अपंगत्व सारखे, पण निरुत्साह मायोटॉनिक डिस्ट्रॉफीच्या रुग्णांत कितीतरी जास्त. म्हणजे तो केवळ अपंगत्वाने आलेला नव्हता.

आरोप मागे घ्यावा का?

हे कळल्यावर आपण काय करावे? पहिले उत्तर सरळ आहे. आरोप मागे घ्यावा.

ख्रिस्तसभेची शिकवणही इथे आड येत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांनी ज्याला मध्यान्हीचे भूत म्हटले, ते भूत म्हणजे थकवा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी आळसाची व्याख्या करताना, देवाकडून येणाऱ्या चांगुलपणाबद्दलच वाटणारी खिन्नता, असे म्हटले आहे. शरीराचा थकवा, झोप, मंदपणा यांना त्यांनी हे नाव दिलेले नाही. १९९२ साली, म्हणजे जनुक सापडले त्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही मानसिक आणि इतर कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे स्पष्ट सांगितले आहे. जे करण्याची शक्तीच नव्हती, त्याचा हिशेब मागता येत नाही.

पण इथे थांबलो तर आपला विचार अर्धवट राहील. मेंदूचे चित्र हातात आले की आपण तीन नव्या चुका करू शकतो.

पहिली चूक, चित्राला वाजवीपेक्षा जास्त मान देण्याची. पडद्यावरचे लाल-निळे रंग मेंदूत नसतात, ते संगणकाला माणसाने नेमून दिलेले असतात. हे अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले असतात आणि त्यांतून निघते ती गटाची सरासरी. एखाद्या रुग्णाच्या चित्राकडे बोट दाखवून 'हा काल मिस्साला का आला नाही ते इथे दिसते' असे कोणीही सांगू शकत नाही. शिवाय मेंदूचा तो थर पातळ झाला म्हणून साखर कमी लागते, की साखर कमी मिळते म्हणून काम मंदावते, की काम कमी म्हणून साखर कमी, हे चित्रावरून सहज ठरत नाही. चित्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

दुसरी चूक अधिक घातक, कारण ती दयेच्या वेषात येते. 'त्याच्या मेंदूतच बिघाड आहे, त्याला काय विचारायचे?' असे म्हणून आपण त्याला बाजूला सारतो. घर विकायचे आहे, मुलीचे लग्न ठरवायचे आहे. सारे निर्णय त्याच्या डोक्यावरून होतात आणि तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला. इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ साली एका गाजलेल्या निबंधात एक भेद सांगितला. माणसाकडे आपण दोन प्रकारे पाहू शकतो. एका प्रकारात आपण त्याच्यावर रागावतो, त्याचे आभार मानतो, त्याला क्षमा करतो. म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा धरतो. दुसऱ्या प्रकारात आपण त्याला सांभाळायची, हाताळायची, उपचार करायची वस्तू मानतो. दुसरा दृष्टिकोन कधी कधी घ्यावा लागतो, परंतु त्यातच कायमचे राहिलो तर माणसाशी असलेले नातेच संपते. ज्याच्यावर कोणी कधीच रागावत नाही, त्याच्याकडून कोणी कशाची अपेक्षाही करत नाही. 'आळशी' म्हणवून घेण्यापेक्षा 'त्याला सोडा हो' हे ऐकणे सोपे असते का? आम्हांला तरी तसे वाटत नाही.

तिसरी चूक म्हणजे, ज्याच्याकडे चित्र आहे त्याच्यावरच दया करायची. नीट विचार करा. १९९२ पूर्वीचे रुग्णही तितकेच आजारी होते. क्वेबेकच्या त्या वह्यांतली माणसेही तितकीच आजारी होती. त्यांच्या मेंदूत काय चालले होते ते कोणाला दिसत नव्हते, एवढाच फरक. आजही निदान न झालेली, तपासणीचा खर्च न परवडणारी, मोठ्या रुग्णालयापर्यंत न पोहोचलेली माणसे आहेत. ज्या दुखण्याला अजून नाव मिळालेले नाही, ते सोसणारीही आहेत. त्यांनी आपली निर्दोषता सिद्ध करण्यासाठी अहवाल आणून दाखवावा, मग आम्ही त्यांच्याशी नीट बोलू, अशी आपली अट असेल तर ती दया नव्हे, ती कचेरी झाली. कागद दाखवा, सवलत मिळवा!

मेंदूच्या चित्रातून शिकण्यासारखा खरा धडा आम्हांला हा वाटतो: दुसऱ्याच्या शक्तीचे माप आपण बाहेरून घेऊ शकत नाही. चित्राने एका आजाराबाबत ते सिद्ध करून दाखवले. बाकीच्यांबाबत आपण चित्राविनाच जपून बोलायला शिकावे.

राग आणि भार

आता कोणी तरी विचारील, आणि तिला तो हक्क आहे, की, 'हे सारे खरे, पण पाणी कोण भरणार?' नवऱ्याचा दोष नाही हे पटले तरी मुलांची फी, बँकेतली कामे, सासूबाईंची औषधे या गोष्टी तिलाच पाहाव्या लागतात. ज्याचे जळते त्यालाच कळते. या आजारात असेही आढळते की काही रुग्णांना स्वतःच्या अडचणींची पुरेशी जाणीव नसते. तो शांत असतो आणि घर पेटलेले असते. अशा पत्नीला 'तू रागावू नकोस, तो आजारी आहे' असे सांगणे म्हणजे एका माणसावरचा आरोप काढून दुसरीवर ठेवण्यासारखे आहे. तिचा राग खरा आहे. कधी कधी राग यावा आणि त्याला गुन्हेगार मात्र सापडू नये, अशीही वेळ येते. त्या वेळी तिला उपदेशाची गरज नसते. तिच्यासोबत भार उचलणाऱ्या दोन हातांची असते.

याबाबत एक आशादायक अनुभव आहे. पॅरिस, म्युनिक, नायमेगन आणि न्यूकॅसल या चार शहरांतील केंद्रांनी मिळून २५५ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. या प्रयोगात निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर समुपदेशकाशी ठरावीक काळाने संवाद मिळाला: झोप कशी सुधारावी, छोटी उद्दिष्टे कशी ठरवावी, काम कसे सुरू करावे. जमेल त्यांना टप्प्याटप्प्याने वाढणारा व्यायाम दिला. जिथे शक्य होते तिथे घरच्यांनाही सोबत घेतले. दहा महिन्यांनंतर या रुग्णांची रोजची कामे करण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुधारलेली दिसली. सुधारणा फार मोठी नव्हती, पण खरी होती. जनुक बदलले नाही. तरी बोलण्याने, सोबतीने, नेमलेल्या वेळेने माणूस खुर्चीतून उठला.

'प्रयत्नच करत नाही' हा आरोप खोटा, तसा 'काही होणारच नाही' हा निकालही खोटा. या दोहोंच्या मधून एक वाट जाते. तिच्यावर त्या माणसाला एकट्याने चालता येत नाही, पण कोणी सोबत आले तर चालता येते.

आपण काय करू शकतो

अशा माणसाला 'कधीतरी ये' म्हणू नये. 'रविवारी सकाळी साडेसहाला मी दारात येतो, आपण बरोबर जाऊ' असे म्हणावे आणि खरोखर जावे. ज्याला सुरुवात जमत नाही, त्याच्यासाठी सुरुवात आपण करावी. पुढची पावले तो टाकतो.

त्याच्याविषयी त्याच्या पत्नीशी न बोलता त्याच्याशी बोलावे. उत्तराला वेळ लागला तर थांबावे. चेहऱ्यावर हसू दिसले नाही म्हणून मनात आनंद नाही असे धरू नये.

घरात या आजाराचे निदान झाले असेल तर भावंडांना सांगावे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, आणि लपवण्यात मात्र धोका आहे. हृदयाची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार सांगितलाच पाहिजे, कारण या रुग्णांत भुलेने गंभीर त्रास होऊ शकतो. कोणाला स्वतःची जनुकीय तपासणी करून घ्यायची नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. पण त्याने निर्णय घ्यावा तो माहिती मिळाल्यावर. कुजबुज ऐकून घेऊ नये.

आणि जे घरचे लोक हा भार वाहत आहेत, त्यांच्याकडे एक दुपार मागावी. 'आज दुपारी मी यांच्याजवळ बसतो, तुम्ही बाहेर जाऊन या.' त्यांना त्या दुपारी झोप काढायची असेल तर तीही काढू द्यावी. त्या झोपेला मात्र कोणी आळस म्हणू नये.